आमवातात मन कसं सांभाळायचं: माझ्या मापांच्या वहीतून

मी बेळगावच्या वडगावात साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. नऊ वर्षांपूर्वी दोन्ही हातांची बोटं सुजली. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. रक्त तपासल्यावर कळलं, आमवात. डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड म्हणतात. वय झालं की गुडघे झिजतात तो वात वेगळा. यात आपल्याच शरीराची संरक्षण करणारी फौज सांध्यांवर उलटते. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली, पण मी काही उठून बसेना. म्हणून डॉक्टरांनी समुपदेशनाला पाठवलं.

मला रागच आला. आधी एकानं "सगळं मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून हात झटकले होते. आता हेही तेच म्हणणार? समुपदेशक बाई कन्नड बोलणाऱ्या. पहिलाच प्रश्न, "नोवु एष्टैती?" दुखणं किती? मी म्हटलं, दहापैकी आठ. त्यांनी मान हलवली, वाद घातला नाही. मग सांगितलं की सूज खरी, दुखणंही खरं; मात्र दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जाताना मज्जारज्जूत एक फाटक लागतं. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. भीती, जागरण, काळजी यांनी ते फाटक सताड उघडतं. गोळ्या सुजेसाठी, ही शिकवणी फाटकासाठी. म्हणून गोळ्या सोडून हे करू नका. आणि आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच. ठरलेला वार पाकिटावर पेनानं लिहून ठेवा.

माझ्या आठ बैठका झाल्या. त्यातलं सगळ्यात उपयोगी पडलं ते थांबायला शिकणं. लग्नसराईत हात बरे असले की मी एका दिवसात सहा साड्या उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. फॉल लावताना डाव्या हाताच्या चिमटीत कापड, उजव्या चिमटीत सुई, अडीच-तीन मीटर बारीक टाके. निम्म्यावर आलं की अंगठ्याच्या बुडाशी ठणका सुरू. तुम्ही काय करायचं? आठवडाभर वहीत लिहा, कुठल्या कामाला किती मिनिटांनी दुखायला लागतं. माझं पंचवीस मिनिटं निघालं. मग त्याहून कमी वेळाचा गजर लावा. मी वीसचा लावला. गजर वाजला की सुई खाली. दुखत नसलं तरी खाली! हीच अवघड गोष्ट. दहा इंच राहिलेत आणि थांबायचं, म्हणजे घास घशात अडकल्यासारखं होतं. दहा मिनिटं बोटं सैल सोडून बसा, मग पुन्हा. दोन-तीन आठवडे नीट गेले की दोन मिनिटं वाढवा. सहा साड्या आता होत नाहीत, तीन होतात, पण रोज होतात.

दुसरं, विचारांची नोंद. मापांच्या वहीची मागची पानं त्याला ठेवलीत. एका पावसाळी सकाळी गॅसचं बटण फिरेना. मनात आलं, "संपलं, हात गेले माझे." तसंच लिहिलं. खाली लिहिलं, हे खरं कशावरून? बटण फिरलं नाही. खोटं कशावरून? काल अकरा वाजता याच हातांनी बारा हुक लावले. मग तिसरी ओळ: "सकाळी हात आखडलेत, दहापर्यंत सुटतील." उगाच गोड बोलायचं नाही, "सगळं छान होईल" असलं लिहायचं नाही; पटेल तेवढंच लिहायचं. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटायचा. महिन्याभरानं वही चाळली तर "संपलं" अठरा वेळा लिहिलेलं, आणि अठराही वेळा संपलं नव्हतं.

अंग सैल सोडण्याचा व्यायामही शिकवतात: एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा. सुजलेल्या बोटांना मात्र मूठ आवळायला लावू नका. तिथं नुसतं सैल सोडा. मी झोपताना करते, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देते. झोप लवकर लागते, एवढं नक्की.

लोकांना सांगणं हे माझ्या मते औषधाइतकंच मोठं. "अक्का, उद्याच पाहिजे बघा," असं गिऱ्हाईक म्हटलं की पूर्वी मी मान डोलवायची. आता वाक्य पाठ केलंय: "उद्या एक देते, बाकीच्या शुक्रवारी." कारण सांगत बसत नाही. घरातही "मदत करा" म्हटलं तर कुणी हलत नाही; "पाण्याची कळशी तू उचल" म्हटलं की उचलतात.

जवळ समुपदेशक नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट लागतो, २०२२ पासून सुरू आहे. पंधरा दिवस कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा, आधी फोन करा आणि घरात कुणाला तरी सांगा.

यंदा आमच्या मंगाई देवीच्या जत्रेला पाहुणे यायचे होते. मी आठवडा आधीच वहीत कामं मांडली आणि भाकऱ्या विकत आणायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "जत्रंला इकतच्या भाकरी? लोक काय म्हणतील गं?" म्हटलं, "म्हणू देत की, आत्ती. तीन मी थापते, देवीपुरत्या." त्या दिवशीची नोंद आहे: गजर चारदा वाजला, तीनदा ऐकला. चौथ्यांदा नणंद तिच्या पोरीचं लग्न ठरल्याचं सांगत होती आणि माझ्या हातात कांदा होता.