वाडीत ताप पसरल्यास खबर कशी द्यावी

लावणीच्या दिवसांत कोकणात ताप आला की ‘पावसात भिजल्याचा’ म्हणून तो अंगावर काढला जातो. मात्र एकाच वाडीत आठवड्याभरात तीन-चार जण तापाने झोपले, तर ती खबर त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात द्यावी. उपचार मात्र खबरीसाठी थांबवू नयेत.

नुसते ‘ताप आहे’ एवढे सांगणे पुरेसे नसते. ताप कधी सुरू झाला, रुग्ण चिखलात अनवाणी उतरला होता का, पायाला जखम होती का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झाले आहेत का, लघवी कमी झाली आहे का, हे सांगितल्यास उंदरांच्या वा गुरांच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संशय वेळेत येतो. दोडामार्ग तालुक्यात 2016 साली माकडतापाची साथ आली होती, त्यामुळे त्या बाजूच्या रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता तेही कळवावे, कारण हा ताप गोचिडींमार्फत माणसाला होतो.

खासगी दवाखान्यात गेलेला रुग्ण सरकारी नोंदीतून निसटण्याची शक्यता असते, म्हणून तोही आशाताईंना सांगावा.

ही नोंद जिल्हा व राज्य सर्वेक्षण कक्षांतून दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रापर्यंत जाते. 2004 साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा केंद्रीय कक्ष तिथेच आहे. या संस्थेचे मूळ 1909 साली कसौलीत हिवतापासाठी उघडलेल्या कार्यालयात असून ते 1938 मध्ये दिल्लीला हलले. पुढे हिवताप बराच ओसरल्यावर इतर साथींकडेही पाहता यावे म्हणून 1963 मध्ये त्याची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था झाली आणि आजचे नाव 2009 मध्ये आले. संस्था कितीही मोठी असली तरी तिला दिसते ते खालून लिहून आलेलेच, हे आपण सहसा विसरतो.

खबर दिल्यावर तपासणीसाठी पथक आले, तर रुग्णाने आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे त्यांना दाखवावीत, कारण प्रतिजैविक आधीच सुरू झाले असेल तर रक्ताच्या नमुन्यात जंतू सापडेलच असे नाही.