कोड तेरा तारखेला फुटतो

ऐरोली, महापे, बेलापूर या पट्ट्यात फ्रेशर म्हणून लागलात की लवकरच कुणाची तरी एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल गळ्यात पडते. आमची टीम न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरची माहिती हाताळते. तिथे तर अर्धी डोकेदुखी तारखांचीच. कॉलेजात हा भाग कुणी मनावर घेत नाही.

०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन क्लायंटला ४ मार्च. पायथनच्या स्ट्रपटाइमला (मजकुरातून तारीख वाचणारं फंक्शन) फॉरमॅट उलटा दिला तरी १२ तारखेपर्यंत तो हूं की चूं करत नाही. १३ला एरर येते, आणि आली तर नशीब समजा. पांडाज या पायथनच्या डेटा लायब्ररीत २.० च्या आधी फॉरमॅट सांगितला नाही, तर ०३/०४ महिना आधी धरून वाचलं जाई आणि त्याच कॉलममधलं १३/०४ दिवस आधी धरून. तेही एरर न देता! म्हणून फॉरमॅट स्वतः लिहा, फाइल पाठवणाऱ्याला विचारून घ्या, आणि टेस्ट डेटात २५ तारीख ठेवाच.

फॉरमॅट लिहिताना पायथनमध्ये महिन्याला छोटा एम, मिनिटाला मोठा. जावात नेमकं उलट. पाठ करू नका, दरवेळी डॉक्युमेंटेशन उघडा.

खरी गंमत टाइमझोनची. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. रात्री २ वाजता गेटमधून आत आलेला कंटेनर यूटीसीत आदल्या दिवशी रात्री साडेआठचा ठरतो. यूटीसीच्या तारखेवर रोजचा रिपोर्ट काढला, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी आवक कालच्या खात्यात जाते आणि नाइट शिफ्टवाले फोन करतात. डेटाबेसात यूटीसीच ठेवा, पण बेरीज करण्याआधी भारतीय वेळेत आणा. हाताने साडेपाच तास मिळवायचा मोह होतो, आणि भारतापुरतं ते चालतंही. रॉटरडॅमची वेळ आली की अडतं, कारण तिथलं घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे जातं. पायथन ३.९ पासून टाइमझोनचं झोनइन्फो मॉड्यूल सोबतच मिळतं, ते वापरा. जुन्या प्रोजेक्टात त्याच कामाची पायटीझेड लायब्ररी दिसेल. त्यातला कोलकात्याचा (म्हणजे भारतीय वेळेचा) झोन थेट तारखेच्या टीझेडइन्फोला दिला तर साडेपाचऐवजी ५ तास ५३ मिनिटांचा फरक येतो. ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. तिथे पायटीझेडचंच लोकलाइझ फंक्शन वापरायचं.

जन्मतारीख किंवा बिलाची तारीख मात्र या फेऱ्यात घालू नका. तिला वेळ चिकटवून यूटीसीत नेली, की ५ मे जन्माचा माणूस ४ मेचा होतो आणि केवायसीत अडकतो.