अर्क पाण्यासारखा दिसला की थांबा

कीडनाशक अवशेषांच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांना जीसी-एलसी, म्हणजे अवशेष वेगळे करून मोजणारी यंत्रं, माहीत असतं, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. क्वेचर्स ही भाजीतून अवशेष अर्कात काढायची पद्धतही पाठ असेल: दहा ग्रॅम भाजी, दहा मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, क्षार, हलवा, सेंट्रिफ्यूज. भेंडी-टोमॅटोवर हात लवकर बसतो. घाम फुटतो तो कढीपत्ता आणि मेथी टेबलावर आल्यावर.

गर्द हिरवा अर्क मशीन घाण करतो, म्हणून क्लीनअपमध्ये, म्हणजे अर्क स्वच्छ करताना, पीएसए या शोषक पावडरीच्या जोडीला जीसीबी, म्हणजे कार्बन, घालतात. माझे कित्येक आठवडे याच कार्बनने खाल्ले. तो सपाट रेणू धरून ठेवतो. हरितद्रव्य त्यामुळेच निघतं, पण कार्बेन्डाझिम, थायाबेंडाझोल, हेक्झाक्लोरोबेंझिन ही बुरशीनाशकंही सपाटच, तेही त्याच्यासोबत जातात. अर्क नितळ, क्रोमॅटोग्राम (मशीनचा आलेख) देखणा, आणि रिपोर्टवर 'आढळले नाही'. कितीतरी औषधांना मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅम असते, म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम. तिथे निम्मं हरवलं तर नापास माल पास होतो आणि कुणाच्या तरी ताटात जातो.

ही गळती सहज दिसत नाही. ट्रायफेनिल फॉस्फेटसारखं इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तपासणीसाठी नमुन्यात मुद्दाम घातलेलं ओळखीचं रसायन, सपाट नसल्याने ठणठणीत येतं. मॅट्रिक्स-मॅच्ड स्टँडर्ड, म्हणजे तुलनेचं द्रावण, क्लीनअप झालेल्या ब्लँकमध्ये (औषध नसलेल्या भाजीच्या अर्कात) बनवता, म्हणून तिथेही काही कळत नाही. स्पाइक, म्हणजे माहीत असलेलं औषध मुद्दाम घालणं, चिरलेल्या भाजीवरच करा, सॉल्व्हंट घालण्याआधी, आणि यादीत कार्बेन्डाझिम ठेवाच. रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत सापडलेला वाटा, 70 ते 120 टक्क्यांत यायला हवी. कार्बन अर्काच्या मिलीमागे अडीच मिलिग्रॅम, फारच गर्द अर्काला साडेसात. हलवल्यावर थोडी हिरवी झाक उरली पाहिजे.

"टाक अजून चिमूटभर कार्बन" म्हणणाऱ्या सीनियरपासून लांब राहा, तो कितीही प्रेमळ असो. वजनकाट्यावर तुमच्यासोबत उभा राहणारा गुरू मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच टिका. दुसऱ्या लॅबची व्हॅलिडेशनची (पद्धत बरोबर चालते याच्या पुराव्याची) एक्सेल उतरवणं तर साफ चुकीचं, कारण ऑडिटर कच्चा डेटा मागतो.

सुरुवातीला रिकव्हरी पन्नाशीत अडकली तर खचू नका, सगळ्यांची अडकते. एकावेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मँकोझेब हे बुरशीनाशक मात्र या अर्कात शोधत बसू नका. त्याला कार्बन डायसल्फाइडची वेगळी पद्धत आहे, आणि त्या तपासणीची भाजी बारीक करून ठेवायची नसते, नाहीतर ते तिथेच विघटित होतं.