सीप्झमधलं 'भुताचं चर्च' बघायचंय? मग मे महिन्यात या

अंधेरीच्या सीप्झमधलं पडकं चर्च एरवी बाहेरच्या माणसाला बघता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सीप्झ हा निर्यातीसाठीचा बंदिस्त भाग आहे. गेटवर पास लागतो, निघताना पिशव्या तपासतात. मी आत एका दागिन्यांच्या युनिटमध्ये हिशेब बघतो, त्यामुळे 'जरा आत घुसव ना' असं विचारणारे मित्र बरेच आहेत. कुणालाही घुसवता येत नाही. रात्री भिंतीवरून उडी मारून व्हिडिओ काढायचा बेत असेल तर सोडून द्या. भुताच्या आधी वॉचमन भेटेल.

चर्चचं नाव सेंट जॉन द बॅप्टिस्ट. पोर्तुगीज काळात जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी, १५७९ साली कोंडिविटे गावात ते बांधलं. १८४० मध्ये साथ आली, गाव उठलं आणि मरोळला जाऊन वसलं. जाताना लोकांनी वेदी, खांब, बाप्तिस्म्याचं कुंड, जे नेता आलं ते नेलं. भिंती मागे राहिल्या. १९७३ मध्ये सीप्झ उभं राहिलं आणि त्या भिंती कुंपणाच्या आत गेल्या. एवढी वर्षं ओसाड पडलेल्या वास्तूत भूत बसणारच. आमच्याकडे रात्रपाळीवाल्यांत पांढऱ्या झग्यातली नवरी जास्त चालते. सांगणाऱ्याने तिला कधीच पाहिलेलं नसतं. पाहिलेलं असतं ते आधीच्या पाळीतल्या कुणीतरी, आणि तो नेमका नोकरी सोडून गेलेला असतो.

आता जायचं कसं ते. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, मरोळचे ईस्ट इंडियन लोक, म्हणजे मुंबईतले मूळचे कॅथलिक, इथे मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना) करतात. तेवढाच तुमचा मोका. एप्रिलमध्येच मरोळच्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्चच्या ऑफिसात जाऊन तारीख आणि आत सोडायची व्यवस्था विचारा. इंटरनेटवरच्या जुन्या तारखेवर विसंबू नका. विचारताना 'भुताचं चर्च' म्हणू नका. त्यांच्यासाठी ते पणजोबांच्या गावातलं देऊळ आहे. त्यांची घरची बोली मराठीच, त्यामुळे उगाच इंग्रजी फाडायचीही गरज नाही.

फोटो असलेलं ओळखपत्र, टोपी, पाण्याची बाटली आणि बंद बूट घ्या. वर छप्पर नाही. मेचं ऊन थेट डोक्यावर येतं. खाली दगड-मुळ्यांत पाय अडकतो. कपडे अंगभर असावेत. मिस्साला कुणीही बसू शकतं. लोक उभे राहिले की उभे राहा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत मात्र शिरू नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. फोटो मिस्सा संपल्यावर काढा.

आणि थोडं लवकर पोचा. मी एकदा असाच लवकर गेलो आणि लुगडं नेसलेल्या एका आजींना नवरीबद्दल विचारायचा आगाऊपणा केला. त्या म्हणाल्या, "भूत बघायचा तर रातचा ये. आता त्या खुर्च्या उचल." मग खुर्च्या उचलल्या, आणि त्या निमित्ताने पाहायचं ते सगळं नीट पाहून झालं. तुम्हीही भिंतींच्या जवळ जाऊन बघा: सांध्यात शिरलेली झाडांची मुळं दगडाला धरूनही ठेवतात आणि फोडतातही. म्हणूनच भिंतीला टेकून सेल्फी नको. माझं मत विचाराल तर इथे भीती वाटण्याजोगी गोष्ट ती एकच.

मे हुकला तर? तरी अर्धं चर्च बघता येतंच, कारण ते मरोळला आहे. मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून रिक्षा करा. कोंडिविट्याहून उचलून आणलेल्या वस्तू त्या चर्चमध्ये आहेत. प्रार्थनेची वेळ सोडून जा आणि कुणीतरी भेटलं की कुंड कुठलं ते विचारा. लोक हौसेने दाखवतात. भुताच्या गोष्टीपेक्षा, साथीतून वाचलेली माणसं आपली वेदी उचलून नवीन गावात घेऊन आली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तिथून महाकाली लेण्यांना जा. याच कोंडिविटे गावाची ही बौद्ध लेणी, चर्चपेक्षा हजार-दीड हजार वर्षांनी जुनी. घाई असेल तर बाकीची सोडा, पण नऊ क्रमांकाचं लेणं बघा: आत दगडात कोरलेली गोल झोपडीसारखी खोली, तिला जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप. दुपारी गेलात तर आत अंधार असतो, मोबाइलचा टॉर्च चार्ज करून ठेवा.