कंबोडियात गरिबी दिसते तेव्हा प्रवाशाने काय करावे

सिएम रीप शहराहून अंगकोरच्या देवळांकडे जाणाऱ्या प्रवाशाला तिथली गरिबी बहुधा एखाद्या लहान मुलाच्या रूपाने भेटते. मला भेटलेली मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या हातात दहा पोस्टकार्डांचा गठ्ठा होता आणि एकेक कार्ड उलटत तिने मला हिंदीत एक ते दहा आकडे म्हणून दाखवले. सकाळचे दहा वाजले होते. ही मुलगी शाळेत जात नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले, गठ्ठा विकत घेतला आणि दिवसभर हळहळत राहिले. तिथल्या पुष्कळ प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे सकाळी बाहेर दिसणारे मूल दुपारी वर्गात असू शकते, हे मला नंतर समजले. ती मुलगी शाळेत जात होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. मी तिला विचारले नव्हते आणि तरीही मला तिच्याविषयी सर्व काही कळल्यासारखे वाटले होते.

म्हणून पहिली सूचना अशी, की जे दिसते त्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. तोन्ले साप सरोवराकाठची गावे पाहताना याचा प्रत्यय येतो. काम्पोंग फ्लुक येथील उंच खांबांवरची लाकडी घरे कोरड्या ऋतूत पाहणाऱ्याला उघडीवाघडी आणि दैन्यवाणी वाटतात. प्रत्यक्षात पावसाळ्यात मेकाँग नदीला पूर आला की तिला सरोवराशी जोडणाऱ्या तोन्ले साप नदीचा प्रवाह उलटा फिरतो आणि २,५०० ते ३,००० चौरस किलोमीटरचे सरोवर पसरत जाऊन १५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास पोहोचते. त्या पाण्यासाठी बांधलेले घर असेच असणार. ते गावाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाचे बांधकाम आहे. गरिबी तिथे आहेच, पण ती खांबांत शोधू नये. मासे कमी झाल्यावर किंवा घरात आजारपण आल्यावर हाताशी काय उरते आणि कर्ज किती होते, यात ती असते, आणि तासाभराच्या नौकाफेरीत एवढे दिसत नाही.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास अवश्य वाचावा, कारण त्याच्याशिवाय जे दिसेल ते नशिबाचा खेळ वाटेल. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर बॉम्बफेक केली. १७ एप्रिल १९७५ पासून जानेवारी १९७९ पर्यंत ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीने शहरे रिकामी केली, शाळा बंद केल्या, शिक्षक, डॉक्टर आणि शिकलेल्या माणसांना वेचून मारले. हत्या, उपासमार आणि रोगराई यांत सुमारे १७ लाख किंवा त्याहून अधिक माणसे गेली. राजधानी नॉम पेन्ह येथील तुओल स्लेंग हा छळतुरुंग मुळात एक शाळा होती. त्यानंतरही वर्षानुवर्षे युद्ध चालू राहिले आणि जमिनीत पेरलेले सुरुंग आजही शोधून काढावे लागत आहेत. माझ्या आजोबांना शिकवणारे गुरुजी जिवंत होते, त्यांची शाळा उघडी होती आणि शेतात पाय ठेवताना तो परत उचलता येईल याची त्यांना खात्री होती. माझ्या पदवीचा पाया तिथे आहे. आपण कष्टाने वर आलो, असे आपल्या मध्यमवर्गीय घरांत फार अभिमानाने सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. मात्र त्या कष्टांना फळ येऊ देणारे जे काही आयते मिळाले होते, त्याची नोंद कोणी ठेवलेली नसते.

ती नोंद करण्यासाठी प्रवासात एक वही जवळ ठेवावी आणि रोज रात्री त्या दिवशीच्या खर्चाशेजारी तिथल्या मजुरीचा आकडा लिहावा. २०२५ साली कंबोडियातील कापड व पादत्राणे उद्योगातील कामगारांचे किमान वेतन महिन्याला २०८ डॉलर होते. कामाचे २६ दिवस धरले तर दिवसाला ८ डॉलर पडतात. अंगकोरचे परदेशी पाहुण्यांसाठीचे तीन दिवसांचे तिकीट ६२ डॉलरचे आहे, म्हणजे शिलाई यंत्रावर बसणाऱ्या एका बाईची जवळजवळ आठ दिवसांची मजुरी. हा आकडा स्वतःला बोचवण्यासाठी लिहायचा नाही. टुकटुकवाल्याशी एका डॉलरसाठी घासाघीस करताना तो डॉलर आपल्यासाठी किती आणि त्याच्यासाठी किती, हे डोळ्यांसमोर असावे, एवढ्यासाठी तो लिहायचा. भाडे आधी ठरवावे, ठरलेले पूर्ण द्यावे आणि दिवसभर थांबवून ठेवले असेल तर त्याच्या जेवणाची विचारपूस करावी. अंगकोरच्या त्याच तिकिटातील २ डॉलर कांथा बोफा या बालरुग्णालयांना जातात, जिथे मुलांवर मोफत उपचार होतात, हेही वहीत लिहावे. आपल्या पैशाची वाट कधीकधी चांगल्या जागी जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुलांकडून वस्तू घेऊ नयेत, त्यांच्या हातात पैसे ठेवू नयेत आणि अनाथाश्रमाला भेट देऊ नये. हे कठोर वाटेल. मी स्वतः गठ्ठा विकत घेतला होता, आणि त्या क्षणी नाही म्हणणे किती जड जाते हे मला माहीत आहे. परंतु मूल जितके लहान तितकी विक्री अधिक, हे एकदा ठरले की घरासाठी तेच मूल सर्वांत मोलाचा विक्रेता ठरते. अनाथाश्रमांचे तर याहून वाईट झाले. २००५ ते २०१० या पाच वर्षांत कंबोडियातील अशा संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तेथील चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पर्यटकांची माया आणि देणग्या यांनी मागणी निर्माण केली आणि गरीब आईबापांनी शिक्षणाच्या आशेने मुले दिली. नौकाफेरीच्या वाटेत थांबवून गावच्या शाळेसाठी तांदळाचे पोते चढ्या भावाने घ्यायला लावण्याचा प्रकारही असतो. तिथे हात जोडून नम्रपणे नकार द्यावा. द्यायचेच असेल तर जिथे मोठ्या माणसांच्या हातांना काम मिळते तिथे खर्च करावा. निर्वासित छावणीतून परतलेल्या तरुणांनी त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षिकेसह १९९४ साली बात्ताम्बांग शहरात फारे ही कलाशाळा सुरू केली. तिच्या कलाकारांची सर्कस सिएम रीपमध्ये पाहता येते आणि तिथले तिकीट म्हणजे कौशल्याचे दाम आहे.

छायाचित्रांच्या बाबतीत एक कसोटी पुरेशी आहे. मुंबईच्या वस्त्यांतून पैसे भरून हिंडणारे परदेशी पाहुणे एखाद्या दारातल्या बाईवर कॅमेरा रोखतात तेव्हा आपल्याला राग येतो. तोच राग आठवावा आणि कॅमेरा खाली घ्यावा.

एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत कधी सुचली नव्हती, ती कागदाची. युरोपच्या व्हिसासाठी बँकेची विवरणपत्रे घेऊन रांगेत उभे राहिलेला मराठी माणूस स्वतःला जगाच्या उतरंडीत बराच खाली समजतो. कंबोडियाच्या विमानतळावर मात्र शुल्क भरले की त्याच पारपत्रावर शिक्का उमटतो. तोन्ले सापवर तरंगत्या घरांत राहणाऱ्या व्हिएतनामी वंशाच्या अनेक कुटुंबांकडे पारपत्र तर सोडाच, नागरिकत्वाचा पुरावाही नाही. पिढ्या तिथेच गेल्या, परंतु १९७५ नंतर ख्मेर रूजने त्यांना हाकलले, कागद गहाळ झाले आणि परत आल्यावर ते परके ठरले. कागद नसल्यामुळे जमीन विकत घेता येत नाही, मुलांच्या सरकारी शाळेत अडचणी येतात. पाण्यावर राहणे त्यांनी केवळ हौसेने निवडलेले नाही. घरी कपाटात पडून असलेल्या माझ्या जन्मदाखल्याकडे मी तोपर्यंत संपत्ती म्हणून पाहिले नव्हते. प्रवासात अशी कुटुंबे दिसली तर त्यांच्या घरात डोकावू नये. आपल्या वहीत मात्र आपल्याकडे असलेल्या सर्व कागदांची यादी करावी आणि त्यांतला प्रत्येक कागद कोणामुळे मिळाला, तेही लिहावे.

परतल्यावर पहिले काही दिवस मन मवाळ असते. जेवणाच्या ताटाकडे पाहून गहिवर येतो, सोसायटीच्या गप्पांत कंबोडियाची गोष्ट सांगितली जाते आणि 'आपण किती सुखी आहोत' यावर सगळे माना डोलावतात. हे वाक्य मला खटकते, कारण त्यात तिथल्या माणसांचे हाल आपल्या समाधानासाठी वापरले जातात. त्या दिवसांतच वही पुन्हा उघडावी आणि तेच प्रश्न आपल्या पत्त्यावर विचारावेत. घरी काम करणाऱ्या मावशींचा महिन्याचा पगार आपल्या किती तासांच्या कमाईइतका आहे? त्यांना भरपगारी सुटी किती आहे? दिवाळीनंतर बीडहून कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड कुटुंबांच्या गाड्या आपण महामार्गावर ओलांडतो, त्यांतल्या मुलांची शाळा त्या हंगामात कुठे असते? सिएम रीपच्या मुलीविषयी आठवडाभर हळहळणाऱ्या मला माझ्या घरी बारा वर्षे काम केलेल्या बाईंची मुलगी कितवीत शिकते हे सांगता आले नव्हते. परदेशात सारे अनोळखी असल्यामुळे नजर जागी असते. इथे ती सवयीने झोपलेली असते.

मी त्या महिन्यात बाईंना विचारले. मुलगी दहावीत होती आणि तिचा जातीचा दाखला आजोबांच्या नोंदी न सापडल्यामुळे अडला होता. तहसील कार्यालयातल्या फेऱ्यांसाठी बाईंना प्रत्येक वेळी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागत होती. त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, असे आम्ही त्याच दिवशी ठरवले आणि पुढच्या फेरीला मी अर्ज लिहून घेऊन त्यांच्याबरोबर गेले.