हाडाच्या लोलकावरचे पिवळे डाग कसे गेले

वृद्धापकाळाने मेलेल्या आमच्याच म्हशीच्या नळीच्या हाडांपासून मी लोलक आणि मणी घडवतो. वन्यप्राण्यांच्या अवशेषांना मी हात लावत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानात आपोआप गळून पडलेले सांबरशिंगही घरी ठेवता येत नाही.

पहिले लोलक दोन महिन्यांतच पिवळे पडले, त्यांना खवट वास येऊ लागला आणि दोऱ्यालाही तेलकट डाग पडले. चूक माझीच होती: हाडे लवकर स्वच्छ व्हावीत म्हणून मी ती खळखळून उकळली होती, त्यामुळे चरबी बाहेर येण्याऐवजी आतल्या सूक्ष्म छिद्रांत मुरली. त्यावर कपड्यांचे ब्लीच वापरून पाहिले, तर हाडातले कोलॅजेन, म्हणजे हाडाला चिवटपणा देणारे प्रथिन, खाल्ले जाऊन पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत झाला. ते तुकडे फेकूनच द्यावे लागले.

पुढच्या खेपेस हाडांची टोके कापली, मगज काढला आणि भांडी घासण्याचा द्रवसाबण घातलेल्या कोमट पाण्यात ती बुडवून ठेवली. पाणी गढूळ झाले की बदलायचे, एवढेच काम. पण वरचा तवंग पूर्ण थांबायला सात आठवडे लागले, आणि इथे घाई करून चालत नाही. नंतर पिवळेपणा घालवण्यासाठी औषधाच्या दुकानातील सहा टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तेवढेच पाणी मिसळून त्यात हाडे दोन दिवस ठेवली. भांड्याचे झाकण सैल ठेवावे, कारण आत वायू साठतो. घासताना हाड ओले ठेवतो आणि मास्क लावतो. ती भुकटी फुप्फुसांना घातक असते.