पूर्वनिर्मित शाळा-इमारत : सोलापुरातील परवानगी आणि शुल्क

कारखान्यात तयार झालेला पोलादी सांगाडा व पॅनल जागेवर आणून जोडले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते बांधकामच असते. त्यामुळे सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ नुसार परवानगीचा अर्ज करावाच लागतो. 'तात्पुरते बांधकाम' म्हणून अर्ज करू नये, कारण ती परवानगी मुदतीपुरती असते आणि मुदत संपली की वर्ग उघड्यावर येतात.

अर्जासोबत भरायचे छाननी शुल्क नकाशे तपासण्यासाठी असते आणि ते बांधकाम-क्षेत्रानुसार आकारले जाते. म्हणून वर्गखोल्या, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे व उतार (रॅम्प) यांची आखणी अर्जापूर्वीच पक्की करावी. नंतर नकाशा बदलला की पुन्हा छाननी आणि पुन्हा खर्च ओढवतो.

विकास शुल्क, म्हणजे जमिनीचा विकास किंवा बांधकाम करण्याबद्दल आकारले जाणारे शुल्क, हा वेगळा आणि बहुधा मोठा आकडा असतो. शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या इमारतींना कलम १२४फ नुसार ते लागत नाही. शैक्षणिक व धर्मादाय संस्थांना सूट देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे, पण ती आपोआप मिळत नाही. त्यामुळे खासगी संस्थेने विश्वस्त नोंदणीच्या प्रतीसह सुटीची लेखी विनंती करावी आणि शुल्क भरण्याचे मागणीपत्र हाती येण्याआधीच त्या विनंतीचा पाठपुरावा करावा. याशिवाय जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो. कारखान्यातून येणाऱ्या पॅनलचे मूल्य त्या खर्चात कसे धरले आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

सर्वाधिक काळजी मात्र सुरक्षेच्या छाननीची घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. पुरवठादाराचे सरसकट प्रमाणपत्र पुरेसे मानू नये. सोलापूर भूकंपक्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण या भागात अजून ताजी आहे. पाया, बोल्ट-जोड व छताची वाऱ्याविरुद्धची पकड यांची गणिते संरचना अभियंत्याकडून याच जागेसाठी करून घ्यावीत. पॅनलच्या आतील थर आगीत कसा वागतो, याचा चाचणी अहवाल अग्निशमन विभागाच्या ना-हरकतीच्या अर्जाला जोडावा. २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले आगीत दगावली, तेव्हा छप्पर झावळ्यांचे होते. हलक्या छताखाली मुले बसवणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे लक्षात ठेवले पाहिजे.

कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते; मात्र नकाशा नियमांत बसणारा असला पाहिजे. तरीही प्रत्यक्ष परवाना हाती आल्याशिवाय पॅनलची आगाऊ रक्कम देऊ नये, आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळाल्याशिवाय वर्ग भरवू नयेत.